कायद्याची मोकळीक व ख्रिस्ती मनुष्याची मोकळीक
(मनोरंजनाच्या क्लबांतील पत्त्यांच्या खेळाविषयी एक अभ्यासपाठ)

शास्त्रपाठ : इफिसकरांस ४:२८, करिंथकरांस पहिले पत्र ६:१२ व १०:२३-२४, रोमकरांस १३:१-७ व १४:१३-२१, योहान १९:२३-२४.

पाठाचा उद्देश : कौशल्याच्या खेळांविषयी देशाचा कायदा काय आहे ते खरेपणाने समजून घेणे, आणि कायदा जेथे थांबतो तेथून पुढे मंडळीने कोणत्या मापाने मापावे हे ठरविणे.



खेड्यांतील मंडळ्यांत उपदेशकास पुष्कळदा असा प्रश्न विचारण्यात येतो : "मनोरंजनाच्या क्लबात बसून रमी खेळणे हा जुगार नव्हे, तो कौशल्याचा खेळ आहे, असे खुद्द सर्वोच्च न्यायालयानेच म्हटले आहे. मग मंडळी त्यास दोष का लावते?" असे विचारणारा मनुष्य खोडसाळच असतो असे नाही. पुष्कळदा तो प्रामाणिकपणे विचारीत असतो, आणि कित्येकदा तर त्याचा भाऊ किंवा मुलगा क्लबात जाऊ लागलेला असतो म्हणून विचारीत असतो. अशा वेळी उपदेशकास कायद्याची माहिती नसेल तर त्याच्या हातून दोहोंपैकी एक गोष्ट घडते. तो "पत्ते म्हटले की सर्व बेकायदेशीर" असे बोलून जातो, आणि ते खरे नाही हे ऐकणारास ठाऊक असल्यामुळे उपदेशकाच्या बाकीच्या बोलण्यावरचाही त्याचा विश्वास उडतो. अथवा न्यायालयाचे नाव ऐकताच तो गप्प बसतो, आणि त्या मौनाचा अर्थ संमती असा घेतला जातो. यास्तव या पाठात आम्ही प्रथम कायदा काय आहे ते सांगू, नंतर त्याची मर्यादा दाखवू, आणि शेवटी मंडळीने काय करावे याचा विचार करू.

१. कायदा काय म्हणतो?

मुंबई इलाख्यात १८८७ साली जुगार प्रतिबंधक कायदा करण्यात आला. तोच कायदा, वेळोवेळी दुरुस्त होऊन, आता महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो, व बारामती आणि इंदापूर या तालुक्यांस तोच लागू आहे. त्यातील चार-पाच गोष्टी प्रत्येक उपदेशकाने ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट जुगारगृहाची. जेथे पत्ते, फासे यांसारखी साधने जागेच्या मालकाच्या किंवा चालकाच्या फायद्यासाठी ठेवलेली अथवा वापरलेली असतात, ती जागा कायद्याच्या दृष्टीने सार्वजनिक जुगारगृह होय. अशी जागा चालविणारा मनुष्य चौथ्या कलमाखाली, आणि तेथे खेळणारा किंवा खेळण्यासाठी हजर राहणारा पाचव्या कलमाखाली अपराधी ठरतो. सहाव्या कलमाप्रमाणे अधिकार मिळालेल्या पोलिस अधिकाऱ्यास तेथे शिरून झडती घेता येते. झडतीत अशी साधने सापडली तर, उलट पुरावा होईपर्यंत, ती जागा जुगारगृहच आहे असे सातव्या कलमाने धरून चालावयाचे असते. रस्त्यावर किंवा चावडीजवळ उघड्यावर डाव मांडणारांस बारावे कलम लागू पडते.

दुसरी गोष्ट तेराव्या कलमाची, आणि सगळा वाद याच कलमावर आहे. निव्वळ कौशल्याचा जो खेळ असेल, तो कोठेही खेळला तरी त्यास हा कायदा लागू नाही, असे त्या कलमात आहे. म्हणून वकिलांपुढे व न्यायाधीशांपुढे प्रश्न येतो तो एवढाच की, अमुक एक खेळ कौशल्याचा की नशिबाचा?

जुगार हा असा धंदा आहे की एक दार लावले तर तो दुसऱ्या दाराने आत येतो. एकोणिसाव्या शतकात मुंबईत पाऊस पडेल की नाही यावर सट्टा लावीत असत. सुप्याकडील जिरायत भागात जो शेतकरी त्याच पावसासाठी हात जोडून आकाशाकडे पाहतो, त्यास ही गोष्ट ऐकून काय वाटेल? पुढे न्यूयॉर्कहून येणाऱ्या कापसाच्या भावांवर आकडा लागू लागला, आणि १९६०च्या सुमारास ते बंद पडल्यावर मडक्यातून चिठ्ठ्या काढण्याची युक्ती निघाली. तिलाच आपण मटका म्हणतो. कायद्यास प्रत्येक वेळी या नव्या रूपाच्या मागून धावावे लागले आहे. कौशल्याच्या नावाखाली चालणारा क्लब हे त्यातलेच एक रूप आहे की तो खरोखर करमणुकीचा क्लब आहे, हे पाटीवरून कळत नाही. ते शोधूनच काढावे लागते.

२. न्यायालयांनी काय ठरविले?

या विषयातील दोन निकाल लक्षात ठेवण्यासारखे आहेत.

पहिला ९ एप्रिल १९५७चा. आर. एम. डी. चमारबागवाला नावाचे गृहस्थ बंगळूरहून निघणाऱ्या 'स्पोर्टिंग स्टार' या साप्ताहिकातून बक्षिसांची शब्दकोडी चालवीत, व त्या पत्राचा मुंबई राज्यातही मोठा खप असे. मुंबई सरकारने त्यावर कर व निर्बंध बसविले तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. सरन्यायाधीश सुधीरंजन दास यांनी आपल्या निकालात ऋग्वेद, महाभारत व मनू यांपासून जुगाराच्या निषेधाचा इतिहास दिला, आणि जुगार हा राज्यघटनेने संरक्षण दिलेला व्यापार नव्हे असे ठरविले. त्याच दिवशी त्याच गृहस्थांच्या दुसऱ्या प्रकरणात न्यायालयाने असेही म्हटले की, ज्या स्पर्धेत यश बहुतांशी कौशल्यावर अवलंबून असते, ती जुगारात मोडत नाही.

दुसरा निकाल १९६७ सालचा, व तो तर थेट क्लबाविषयीच आहे. सिकंदराबाद येथील क्रेसेंट रिक्रिएशन क्लबात सभासद रमी खेळत असता पोलिसांनी धाड घातली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी जो निकाल दिला त्याचे सार आम्ही आमच्या शब्दांत येथे देतो. रमीत कोणते पान पडले हे ध्यानात ठेवावे लागते, व कोणते धरावे आणि कोणते टाकावे हे ठरवावे लागते. म्हणून तो मुख्यत्वे कौशल्याचा खेळ आहे. तीन पत्त्यांच्या खेळाची गोष्ट तशी नाही, कारण तो निव्वळ नशिबाचा खेळ आहे. क्लबाने पत्ते, मेज व बसण्याची सोय यांबद्दल सभासदांकडून बेताचे शुल्क घेतले, तर तेवढ्याने तो जुगाराचा अड्डा होत नाही. परंतु आडून दुसरा कोणता जुगार चालत असल्याचा, किंवा पैसे लावून चाललेल्या खेळातून मालक स्वतःची कमाई करीत असल्याचा पुरावा मिळाला, तर अपराध शाबीत होऊ शकतो.

वाचकांनी हे शेवटचे वाक्य विसरू नये. जो मनुष्य "न्यायालयाने रमीस परवानगी दिली" असे सांगतो, तो निकालाचा पहिला अर्धा भाग सांगतो व दुसरा अर्धा गाळतो. याखेरीज, करमणुकीच्या सार्वजनिक जागांना १९५१च्या पोलिस कायद्यातील तेहेतिसाव्या कलमाखाली परवान्याचे नियम लावता येतात. परवाना भिंतीवर टांगलेला असला तरी त्या छपराखाली जे काही चालेल ते सर्व निर्दोष ठरते असे नाही.

येथे उपदेशकास आम्ही एक इशारा देतो. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा क्लबात जाणाऱ्या शेजाऱ्यासही लागू आहे. जो सभासद नोंदलेल्या क्लबात पैसे न लावता पत्ते खेळतो, त्यास उपासनेत उभे राहून गुन्हेगार म्हणणे हे पाप होय. खरे काय आहे ते प्रथम शोधावे. क्लबाची नोंदणी झाली आहे काय? तेथे सभासदच खेळतात की रस्त्याने जाणारा कोणीही येऊन बसतो? खेळ कोणता चालतो? आणि मालकाचे पोट कशावर चालते, ठरलेल्या शुल्कावर की प्रत्येक डावातून कापलेल्या वाट्यावर, ज्यास आपल्याकडे 'नाल' म्हणतात? या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली म्हणजे बहुतेक गोष्टी स्पष्ट होतात.

३. कायद्याची मर्यादा

रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात प्रेषित पौल अधिकाऱ्यांचा मान राखावयास शिकवितो. तो मान आम्ही राखतो. परंतु कायदा हा नीतीचा शेवटचा शब्द आहे असे पौलाने कोठेही म्हटलेले नाही, आणि इतिहासही तसे सांगत नाही.

महाराष्ट्रात जे कृत्य अपराध ठरते, त्यासच शेजारच्या गोव्यात परवाना मिळतो. मांडवी नदीवरील जहाजांत कॅसिनो चालतात. आपल्या राज्यानेही १९७६ साली कॅसिनोसाठी कायदा केला होता. तो कधी अमलात आलाच नाही, व २०२३ साली तो रद्द करण्यात आला. दुसरीकडे १९६९ साली राज्याने स्वतःचीच लॉटरी सुरू केली. लॉटरीत कौशल्य कोणते? तरीही तिचे तिकीट घेणारास कोणी पकडीत नाही. यावरून दिसते की, कायदा काही ठिकाणी कुंपण घालतो व काही ठिकाणी दार ठेवतो, आणि ते दार कोठे असावे हे ठरविताना राज्यास महसूल, बंदोबस्त व लोकांची मागणी या सर्वांचा विचार करावा लागतो.

याहून कठोर उदाहरण आपल्याच तालुक्यातले आहे. १८७१ साली ब्रिटिश सरकारने एक कायदा करून काही जमातींस जन्मानेच गुन्हेगार ठरविले, व पुढे त्यांस तारांच्या कुंपणाच्या वसाहतींत ठेवले. बारामतीस अशी एक वसाहत होती. तान्ह्या मुलाने कोणता अपराध केला होता? तरी कायद्याच्या पुस्तकात तो गुन्हेगार होता. १९५२ साली तो कायदा रद्द झाला. ज्या भूमीने हे पाहिले आहे, त्या भूमीतील लोकांस हे समजावून सांगावे लागू नये की, कायदा ज्यास दोषी म्हणतो तो प्रत्येक जण देवापुढे दोषी असतोच असे नाही, आणि कायदा ज्यास मोकळे सोडतो ते प्रत्येक कृत्य देवापुढे निर्दोष असतेच असे नाही.

अगदी अलीकडे तर कायद्याने स्वतःच कौशल्याचे माप एका ठिकाणी बाजूला ठेवले आहे. मोबाईलवरून पैसे लावून रमी व तत्सम खेळ खेळण्याचे वेड खेड्यांत पसरले होते, आणि कंपन्या "हा कौशल्याचा खेळ आहे" असेच सांगत होत्या. २०२५च्या ऑगस्ट महिन्यात संसदेने ऑनलाइन खेळांविषयी नवा कायदा मंजूर केला, व २२ ऑगस्ट रोजी त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैसे लावून तो ऑनलाइन चालविणे त्या कायद्याने निषिद्ध ठरविले. असा खेळ चालविणारास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे; जाहिरात करणारास व पैशांची ने-आण करणारासही शिक्षा आहे. खेळणारास मात्र शिक्षा ठेवलेली नाही, कारण तो लुबाडला गेलेला मनुष्य आहे असे धरले आहे. मोठ्या कंपन्यांनी लागलीच आपले पैशांचे खेळ बंद केले, व काहींनी या कायद्याविरुद्ध न्यायालयांत धावही घेतली. म्हणजे क्लबातील मेजावर जे जुने माप लावले जाते, ते मोबाईलच्या बाबतीत संसदेस अपुरे वाटले.

त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे हे विधानपरिषदेच्या सभागृहात मोबाईलवर रमी पाहत असल्याचे चित्रण प्रसिद्ध होऊन मोठा गवगवा झाला. आपण खेळत नव्हतो, असे त्यांनी सांगितले. त्यानंतर ते खाते त्यांच्याकडून काढून इंदापूरचे आमदार दत्तात्रय भरणे यांच्याकडे देण्यात आले. इंदापूर तालुक्यातील पारापारांवर तेव्हा या गोष्टीची चर्चा झाली असेल. मंत्र्यांचा न्याय करण्याचे काम आमचे नाही. आम्ही एवढेच विचारतो की, चर्चा करून घरी परतल्यावर आपल्या मुलाच्या हातातील मोबाईलमध्ये काय चालले आहे, हे किती बापांनी पाहिले?

४. 'कौशल्य' या शब्दात लपलेला धोका

येथे आम्ही वाचकांस थोडे थांबून विचार करावयास विनवितो. कायद्याच्या दृष्टीने कौशल्य हा शब्द खेळास निर्दोष ठरवितो. परंतु घराच्या दृष्टीने पाहिले तर हाच शब्द नवख्या मनुष्यास अधिक घातक आहे. नशिबाच्या खेळात अडाणी व शहाणा हे निदान सारखेच आंधळे असतात. कौशल्याच्या खेळात मात्र रोज बसणारा डोळस असतो, आणि ऊसबिलाचे पैसे खिशात घालून प्रथमच आलेला मनुष्य आंधळा असतो. खेळ जितका अधिक कौशल्याचा, तितके नवख्याचे हरणे अधिक निश्चित. "हे नशीब नव्हे, कौशल्य आहे" असे जो त्यास सांगून बसवितो, तो खरे पाहता "तू खात्रीने हरशील" असेच त्यास सांगत असतो. फक्त ऐकणारास ते समजत नाही.

दुसरी गोष्ट फळ्यावर खडूने मांडून दाखविण्यासारखी आहे. समजा, सहा जण बसले व प्रत्येकाने शंभर रुपये पुढे ठेवले. एकूण सहाशे रुपये झाले. चालक प्रत्येक डावामागे तीस रुपये कापून घेतो. कोण जिंकतो, कोण हरतो हे क्षणभर विसरून जा. वीस डाव झाले म्हणजे वीस वेळा तीस, असे सहाशे रुपये चालकाच्या पेटीत गेले, व मेजावर काही उरले नाही. सहाही जण कितीही कुशल असोत. नवे पैसे न आणता एकविसावा डाव त्यांस खेळता येणार नाही. शेतात बी टाकले तर देव वाढवितो, म्हशीस चारा घातला तर दूध येते, सुतार लाकूड तासतो तेव्हा खाट तयार होते. मेजावर मांडलेला पैसा मात्र वाढत नाही. तो केवळ एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो, आणि वाटेत चालकाच्या हातास थोडथोडा चिकटतो.

आपल्या दोन तालुक्यांत हा धोका का वाढतो, तेही पाहावे. नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या भागात आले, त्यामागून ऊस आला, आणि माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी येथे साखर कारखाने उभे राहिले. उसाचा पैसा महिन्याच्या पगारासारखा थोडथोडा येत नाही. तो गठ्ठ्याने येतो. ऊसतोड मजुराची उचलही हंगामापूर्वी एकदम हाती पडते, आणि ती तर पुढच्या सहा महिन्यांच्या घामाची आगाऊ किंमत असते. जो पैसा एकदम येतो तो मोठा दिसतो, व त्यातून पाचशे गेले तर काय झाले, असे वाटते. त्या पाचशेंत मुलीचे शाळेचे दप्तर होते, सासूचे औषध होते, विहिरीवरील मोटारीची दुरुस्ती होती, हे उन्हाळ्यात कळते. क्लबात गेलेल्या माणसाने त्या रात्री घरी काही सांगितलेले नसते. घरची बाई डब्यात हात घालते तेव्हा तिला ते कळते.

५. शास्त्राचे माप

शास्त्रात "रमी खेळू नये" असे वचन नाही, व तसे वचन ओढून-ताणून काढण्याची गरजही नाही. काही जण उलट असे विचारतात की, इस्राएलांनी चिठ्ठ्या टाकून देश वाटून घेतला, प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकून मत्थियास निवडले. मग चिठ्ठीचा दोष काय? त्याचे उत्तर असे : त्या चिठ्ठ्यांत कोणी कोणाचा पैसा जिंकला नाही, कोणाच्या हरण्यावर कोणाचा लाभ उभा नव्हता, आणि निर्णय देवाच्या हाती सोपविला होता. शास्त्रात दुसऱ्या एका ठिकाणी मात्र दुसऱ्याची वस्तू मिळविण्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या आहेत. ती जागा वधस्तंभाच्या पायथ्याशी आहे. प्रभू वर मरणाच्या यातना भोगीत असता खाली शिपाई त्याच्या बिनशिवणीच्या अंगरख्यासाठी चिठ्ठ्या टाकीत होते. त्यांनी रोमी कायदा मोडला नाही. योहानाने ती गोष्ट लिहून ठेविली आहे. ती वाचून खेळाच्या मेजाकडे पाहावे.

पौलाने आपणांस तीन मापे दिली आहेत. पहिले माप, मोकळीक व दास्य यांचे : सर्व गोष्टींची मला मोकळीक असली तरी मी कशाच्याही अधीन होणार नाही, असा त्याच्या करिंथकरांस लिहिलेल्या बोधाचा आशय आहे. जो खेळ संध्याकाळी उठून जाऊ देत नाही, तो धनी झाला आहे. दुसरे माप, शेजाऱ्याच्या हिताचे : माझ्या मोकळिकीमुळे माझा दुर्बल भाऊ अडखळतो काय? पंचायतीत मान असलेला, पैसे न लावता तासभर खेळून उठणारा मंडळीचा वडील क्लबात दिसला, तर त्याच्या मागे येणारा तरुण कोठे थांबेल? तिसरे माप, श्रमाचे : इफिसकरांस पत्रात पौल चोरी करणारास नुसती चोरी सोडावयास सांगून थांबत नाही, त्याने हातांनी काम करावे, आणि तेही गरजवंतास देता यावे म्हणून करावे, असे तो शिकवितो. ख्रिस्ती मनुष्याच्या पैशास हे दोन टोक असावेत : एका टोकास श्रम, दुसऱ्या टोकास दान. मेजावरील पैशास दोन्ही टोके नाहीत. जिंकणाऱ्याने तो श्रमाने मिळविलेला नाही, व हरणाऱ्याने तो प्रीतीने दिलेला नाही.

६. मंडळीने काय करावे?

(अ) खेळास शत्रू मानू नये. कबड्डी, खो-खो, कॅरम, बुद्धिबळ, आणि पैसे न लावता खेळलेले पत्तेही, हे देवाच्या आनंदाच्या देणग्यांत बसतात. तरुणांस संध्याकाळी बसावयास जागाच नसेल, तर ज्याने जागा दिली त्याच्याकडे ते जातील. उपासनामंदिराची ओसरी व कंदील नव्हे तर आता विजेचा दिवा, हे आठवड्यातून दोन रात्री तरी त्यांच्यासाठी मोकळे असावेत.

(आ) आपले अंगण आधी झाडावे. हंगामाच्या सणास किंवा नाताळात निधीसाठी तिकिटे विकून 'लकी ड्रॉ' काढण्याची चाल जेथे पडली असेल, तेथे पंचांनी तिचा पुन्हा विचार करावा. प्रभूच्या कामासाठी लोकांनी बक्षिसाच्या आशेने पैसे द्यावेत, ही शिकवण आपण लेकरांस देत असू, तर मग क्लबाविषयी कोणत्या तोंडाने बोलावे?

(इ) नवख्या विश्वासणाऱ्यांस सांभाळावे. श्रावणात व दिवाळीत नातलगांच्या घरी पत्ते मांडण्याची जुनी चाल आहे. नवा ख्रिस्ती मनुष्य तेथे गेला नाही तर भावकी रुसते. त्याने भावकीस तोडू नये. जावे, फराळ करावा, मुलांशी खेळावे, आणि पैसे मांडण्याची वेळ आली म्हणजे सौम्यपणे उठावे. हे कसे करावे याचा धडा वडीलधाऱ्यांनी आपल्या वागण्याने द्यावा.

(ई) कर्जात सापडलेल्यास कायद्याचे ज्ञान द्यावे. पुष्कळ घरे खेळापेक्षा खेळाच्या कर्जाने बुडतात. १८७२च्या करार कायद्यातील तिसाव्या कलमाप्रमाणे पैजेचा करार रद्दबातल आहे, व पैजेत जिंकलेली म्हणून जी रक्कम असेल ती दावा लावून वसूल करता येत नाही. मुंबई इलाख्यात १८६५च्या एका कायद्याने तर पैजेस साहाय्यभूत होणारे करारही रद्दबातल ठरविले होते. म्हणून जो कोणी खेळातील येण्यासाठी दाराशी येऊन धमकावितो, त्यास भिऊन कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नये, शेताचा उतारा हवाली करू नये. परवान्यावाचून सावकारी करणे हा २०१४च्या महाराष्ट्राच्या सावकारी नियमन कायद्याने गुन्हा आहे, व त्याची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था, यांच्याकडे करता येते. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. तेथे स्त्रियांस, मग त्यांचे उत्पन्न कितीही असो, वकिलाची मदत विनामूल्य मिळते. उपदेशकाने स्वतः वकील होऊ नये. परंतु त्या दारापर्यंत बरोबर चालत जावे.

(उ) जेथे उघड अड्डा चालत असेल, तेथे गावच्या इतर भल्या लोकांबरोबर, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, पोलिस ठाण्यात लेखी तक्रार करावी. डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहावे. ऐकीव गोष्ट पाहिली म्हणून लिहू नये.

(ऊ) पडलेल्यास उचलावे. गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायाच्या आरंभी पौल सांगतो त्याप्रमाणे, दोषात सापडलेल्या भावास सौम्यतेने ताळ्यावर आणणे हे मंडळीचे काम आहे. त्यास प्रभुभोजनापासून दूर ठेवण्याची वेळ कदाचित येईल. पण त्याआधी कोणी त्याच्या घरी जाऊन बसले होते काय? त्याच्या पत्नीच्या नावाने बँकेत खाते उघडून मजुरी तेथे जमा होईल अशी तजवीज करणे, तिला बचत गटात घेणे, संध्याकाळी त्या माणसास बरोबर घेऊन मळ्याकडे जाणे, या गोष्टी उपदेशाइतक्याच उपयोगी पडतात. जो मनुष्य लाजेने उपासनेस येण्याचे सोडतो, त्याच्यासाठी क्लबाचे दार उघडेच असते.

क्लबात काय चालू द्यावे व काय बंद करावे, हे सरकार व न्यायालये ठरवितील, आणि उद्या कदाचित निराळेही ठरवितील. आपल्या घरात कोणता पैसा यावा, व घरातला पैसा कोठे जावा, हे ठरविण्याचे काम मात्र कोणतेही न्यायालय आपल्यासाठी करणार नाही.

विचारासाठी प्रश्न

१. तेराव्या कलमात कोणत्या खेळास मोकळीक आहे? १९६७च्या निकालातील कोणता भाग लोक सांगावयाचे विसरतात?
२. सहा जण व वीस डाव यांचे उदाहरण आपल्या शब्दांत मांडून दाखवा. चालकाने डावामागे पंधरा रुपये कापले तर सहाशे रुपये किती डावांत संपतील?
३. मत्थियाच्या निवडीची चिठ्ठी व वधस्तंभाखालची चिठ्ठी यांत काय भेद आहे?
४. आपल्या मंडळीच्या निधीसंकलनात नशिबाचा काही भाग आहे काय? असल्यास पंचांपुढे तो विषय कोण मांडील?
५. आपल्या गावात कर्जात सापडलेले असे एखादे घर आहे काय, की ज्याच्या दाराशी या आठवड्यात आपणांपैकी दोघांनी जावे?

प्रार्थनेचे विषय : हंगामाचा पैसा ज्या घरांत येणार आहे त्या घरांसाठी, ऊसतोडीस आलेल्या कुटुंबांसाठी, न्यायाधीश व पोलिस यांस निःपक्षपाती बुद्धी मिळावी म्हणून, आणि खेळाच्या पाशातून सुटण्याची धडपड करणाऱ्या आपल्या बंधूंसाठी.